मावशीला दिसलेलं बटण

माझ्या मावशीला फॅशनच्या मासिकांचं वेड आहे. सत्तरी ओलांडली तरी डिझायनर कपड्यांचे फोटो ती जपून ठेवते आणि त्यातली शिलाई, पर्सची कडी, चपलेचा पट्टा तासन् तास न्याहाळत बसते. घरचे तिला हसायचे, मीही हसायचे. गेल्या वर्षी मोतीबिंदूमुळे तिला फोटो धुरकट दिसू लागले आणि तिनं मासिकं उघडणंच सोडलं. ती इतकी गप्प झाली की आम्ही घाबरलो.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. मी मुद्दाम नवं मासिक नेलं होतं. तिनं एक पान उघडलं आणि बराच वेळ त्याकडे नुसती बघत राहिली. मी पुढे वाकले.

"मावशी, दिसतंय ना गं?"

"दिसतंय की! हा कोट बघ. तिसरं बटण वेगळ्याच दोऱ्यानं लावलंय. इतका महागाचा कोट, आणि कुणाच्या लक्षात नाही आलं!"

डॉक्टर मोठ्यानं हसले. मी खुर्चीत टेकले आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. वाटलं, आपण हिच्या हौसेला उगाच नावं ठेवली. कुणीतरी जीव ओतून शिवलेलं कुणीतरी इतक्या मायेनं पाहावं, यात हसण्यासारखं काय होतं?

परतताना रिक्षात ती रस्त्यावरच्या बायकांच्या साड्या बघत होती. मधेच माझ्या नेहमीच्या ओढणीकडे बघून म्हणाली, "हा रंग तुला मुळीच शोभत नाही गं. वर्षभर मला दिसलाच नव्हता!"