लंगरआप्पांची कढी

लंगरआप्पा स्वयंपाक करताना कधी चाखून बघत नसत. मीठ किती पडलं ते वासावरून ओळखायचे आणि डाळ शिजली की नाही ते ऐकून. पातेल्याकडे कान करून चुलीशी उकिडवे बसायचे आणि मग एकदम "झालं बघा" म्हणून उठायचे. "अहो आप्पा, जरा चाखून तरी बघा," असं कुणी म्हटलं तर एकच उत्तर ठरलेलं, "आदी तुमी जेवा. माझं मागनं." सगळं आयुष्य पलटणीच्या लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात गेलेलं. निवृत्तीनंतर बेळगावच्या कॅम्पात दोन खोल्यांत मुला-सुनेबरोबर राहायचे.

आमचा रविवारी भटकणाऱ्यांचा एक गट आहे. दोन वकील, तीन-चार शिक्षक, मच्छे गावातल्या एका कारखान्यातले फोरमन आणि मी, शाळेतली बाई. खानापूरच्या बाजूला ओढ्याकाठी ओळखीच्यांचं शेत होतं. तिथं जायचं, तीन दगड मांडून जेवण करायचं आणि बेळगावात परतल्यावर आपण केवढं रान तुडवून आलो ते सांगत सुटायचं. रान तुडवणं आमच्याकडे होतं आणि जेवणंही आमच्याचकडे. बाकी सगळं आप्पा बघायचे. हौसेनं यायचे.

त्यांची भांडी म्हणजे एकात एक बसणारी जर्मन धातूची तीन पातेली. चेपलेली, कडा वाकलेली, गोणपाटात गुंडाळून आणलेली. झाकणांचीच ताटं व्हायची. चुलीवर चढवण्याआधी बुडाला बाहेरून ओल्या मातीचा पातळ लेप द्यायचे. काजळी मातीवर धरते आणि ओढ्यात दोनदा हात फिरवला की भांडं मोकळं होतं. वकिलांपैकी एकांना फोटोसाठी मोठा भडका हवा असायचा. "वकीलसाहेब, जाळ बघाय न्हाय, शिजवाय असतोय," असं म्हणत आप्पा दोन लाकडं बाहेर ओढायचे. निघताना विस्तवावर पाणी ओतून दगड जिथून आणले होते तिथं परत नेऊन ठेवायचे. आम्ही तोवर गाडीत बसून हॉर्न वाजवत असू.

पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "नाक हाय, कान हायती. भात काय डोळ्यानं शिजतोय व्हय?" आणि खरंच, जेवणात कधी फरक पडला नाही. त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत. "माझ्या हातचं खाऊन कुणाचं पोट दुखलं न्हाय. येकाचं न्हाय!" हे सांगताना छाती अशी काढायचे की आम्हाला हसू यायचं.

आता जे सांगायचं ते सांगते. इतकी वर्षं शाळेत मुलांना खरं बोला म्हणून शिकवणारी मी, मला हे लिहायला दोन महिने लागले.

कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणी पुण्याहून आणि बेंगळूरहून नवऱ्यांसह येणार होत्या. त्यांना चुलीवरचं जेवण हवं होतं. मला आप्पांची ती चेपलेली पातेली डोळ्यासमोर आली आणि लाज वाटली. लाज कशाची वाटावी, याची अक्कल माणसाला वेळेवर येत नाही. निपाणीला एका जुन्या भांड्यांच्या दुकानातून मी पितळेचं एक भलं मोठं पातेलं आणलं आणि चिंच लावून बाहेरून लखलखीत घासलं. आतली कल्हई पार गेली होती, पिवळं दिसत होतं. कॅम्पातला एकुलता एक कल्हईवाला गावी गेला होता. मी म्हटलं, एका जेवणानं काय होतंय!

शेतावर आप्पांनी ते पातेलं मांडीवर घेतलं आणि आतून बोट फिरवलं. पाहुण्यांसाठी ताकाची कढी करायचा बेत होता.

"बाई, कल्हई करून आणलीसा न्हवं?"

"व्हय आप्पा. परवाच केली."

कसं निघून गेलं तोंडातून, मला माहीत नाही. असं म्हणणंही पळवाटच. मला चांगलं माहीत होतं. नाही म्हटलं असतं तर ती चेपलेली पातेली बाहेर निघाली असती.

कढी झाली. मंडळी ओढ्यावर गेली ती दोन तास आलीच नाहीत. आप्पा म्हणाले, "आंबट हाय, माझ्या ष्टीलच्या डब्यात काढून ठिवतो." मी म्हटलं, "असू द्या, पातेल्यात छान दिसतीया." फोटो काढायचे राहिले होते ना.

जेवताना एक-दोघींनी तोंडं वाकडी केली, पण शिष्टाचार म्हणून वाटी संपवली. थोड्याच वेळात एकीला उलटी झाली, मग दुसरीला, मग तिच्या नवऱ्याला. आप्पा नेहमीसारखे मागून जेवायला बसले होते. त्यांनी एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "ही तर कळकलीया, पितळ उतरलंया हिच्यात," ते म्हणाले. मग माझ्याकडे तोंड करून, सगळ्यांच्या देखत, "बाई, कल्हई केलीया न्हवं नक्की?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "केलीय म्हटलं ना मी, आप्पा."

त्यांनी वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "मग माझंच कायतरी चुकलं. दिसत न्हाय आता मला." मैत्रिणीचा नवरा इंग्रजीत काहीतरी पुटपुटला, म्हाताऱ्याला कशाला आणायचं अशा अर्थाचं. मी त्यालाही काही बोलले नाही. खानापूरच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, संध्याकाळपर्यंत सगळे बरे झाले. मैत्रिणींनी मलाच धीर दिला, "तू कशाला मनाला लावून घेतेस?"

त्यानंतर आप्पा आले नाहीत. खरं सांगायचं ठरवून मी एकदा कॅम्पात गेले. नेहमी ते स्वतः चहा ठेवायचे. त्या दिवशी जागेवरूनच सुनेला हाक मारली. "सुरेखा, बाईंना च्या दे. माझ्या हातचा नको त्यांस्नी." मी चहा प्यायले, हवापाण्याचं बोलले आणि परत आले. आमच्या गटात कुणाचं पोट बिघडलं की 'आप्पांची कढी' असा विनोद व्हायचा. सगळे हसायचे. मीही हसायची. दोन वर्षं मी हसले.

या वर्षी आप्पा गेले. दिवस झाल्यावर मी सुरेखाला भेटायला गेले आणि या वेळी बसायच्या आधीच सांगून टाकलं. कल्हई केली नव्हती. दोनदा खोटं बोलले. आप्पांचं काहीही चुकलं नव्हतं. मला वाटलं होतं ती भांडेल, दार दाखवेल. तसं झालं असतं तर बरंच वाटलं असतं मला.

ती भिंतीला टेकून खाली बसली.

"बाई, गणपतीला मोदकाचं सारण करतो म्हणालं हुतं ते. मीच हातातनं कढई काढून घेतली. म्हटलं, आप्पा, नगं, पोरं आजारी पडतील." तिनं पदर तोंडाला लावला. "पोरांच्या म्होरं म्हटलं हो मी."

आजवर ते ओझं माझं एकटीचं होतं. आता मी ते तिलाही देऊन ठेवलं. तिच्या शेजारी फरशीवर मी किती वेळ बसून होते कोण जाणे. तिनं मला जा असं म्हटलं नाही.