न उकळलेला राजमा

"मी सांगलीचा कदम मास्तर बोलतोय. साताऱ्यातनं, दवाखान्यातनं. सकाळी तुमच्याकडं जेवलो आम्ही. माझी चार माणसं उलट्या करतायत. त्यात सून सहा महिन्यांची गरोदर आहे. काय घातलं होतं वो जेवणात?"

दुपारचा दीड वाजला होता. काउंटरवरचा फोन मी उचलला होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शिरवळजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात मी मॅनेजर होतो. मालक परदेशी जाऊन आले आणि तीन महिन्यांपूर्वी त्यांनी आमच्या हॉटेलाचं मेक्सिकन रेस्टॉरंट करून टाकलं. पुण्याच्या गाड्या थांबायच्या, पण माणसं नाराज होऊन उठायची. टाको म्हणजे मक्याची कुरकुरीत पोळी दुमडून तिच्यात राजमा, कांदा, टोमॅटो आणि चीज भरायचं. "भाकरी हातातच मोडतीय, खायची कशी?" असं एकानं विचारलं होतं. आणखी दोघांतिघांनी राजमा दाताला लागतो म्हणून प्लेट परत केली होती. मालकांनी मला एक वाक्य शिकवून ठेवलं होतं, "तिकडं असाच खातात." मी ते हसत सांगायचो. मला तरी तिकडचं काय ठाऊक होतं?

फोन आता डॉक्टरांनी घेतला. आवाज वयस्कर आणि शांत होता.

"कुणी काय खाल्लं ते आठवून सांगा."

ते टेबल माझ्या लक्षात होतं, कारण दाणा कच्चा लागतो ही तक्रार तिथूनही आली होती आणि मी तेच शिकवलेलं वाक्य ऐकवलं होतं. "चौघांनी टाको घेतला. मास्तरांनी पोटाचं पथ्य म्हणून दहीभात करून मागितला. धाकट्या मुलीनं नुसत्या बटाट्याच्या फोडी खाल्ल्या."

"मास्तर आणि मुलगी ठीक आहेत. टाकोत काय होतं?"

"राजमा."

"किती उकळला होता?"

"विचारून सांगतो."

"लवकर विचारा. आणि तो आता कुणाला वाढू नका."

किचनमध्ये आमचे कुक बाबूराव बसले होते. म्हसवडकडचे. लग्नाच्या पंगतीत शेकडो माणसांची आमटी एकट्यानं करणारा माणूस, पण राजमा त्यांनी आमच्याकडंच पहिल्यांदा बघितला.

"बाबूराव, आजचा राजमा किती उकळला?"

"उकळला न्हाई सायेब. रातभर भिजवला आन् सकाळधरनं बारीक गॅसवर ठिवलाय. मालक म्हनलं, उकळला की साल फुटती, आज पाव्हनं परदेशी हायत, दाना आक्खा दिसला पायजे. का वो, काय झालं?"

मी पातेल्यातला एक दाणा चावला. वरून मऊ, आत पिठूळ. थुंकून टाकला आणि साताऱ्याच्या फोनचं सगळं त्यांना सांगितलं.

परदेशी पाहुणे म्हटल्यावर मला खरी धडकी भरली. चार किलोमीटरवरच्या फॅक्टरीत त्या दिवशी आमच्याकडून साठ जणांचं जेवण होतं. बाहेर देशातून आलेले इंजिनियर आणि इथला सगळा ऑफिस स्टाफ. हाच राजमा घेऊन टेम्पो एक वाजता गेला होता. दोनला वाढणार होते. मालक स्वतः तिथं होते.

फोनवर थांबलेल्या डॉक्टरांना राजमा उकळलाच नाही म्हणून सांगितलं आणि फॅक्टरीचा फोन लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. बाबूराव दारात उभे राहून माझ्याकडं बघत होते. मी स्कूटर काढली. ते न विचारता मागं बसले.

वाटेत ते एकदाच बोलले. "सायेब, ती पोटुशी पोरगी वाचंल न्हवं?"

मी स्कूटर आणखी पळवली.

गेटवर वॉचमनला समजावण्यात पाच मिनिटं गेली. कॅन्टीनमध्ये शिरलो तेव्हा पहिल्या रांगेच्या हातात प्लेटी होत्या. मालक एका गोऱ्या पाहुण्याला काहीतरी समजावत होते. मी त्यांच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. त्यांचं हसू तसंच राहिलं, फक्त आवाज उतरला.

"जाधव, इथं तमाशा करू नका. प्रवासात गाडी लागली असेल त्यांना."

"साहेब, एक बाई गरोदर आहे."

"नंतर बोलू."

मी मालकांसमोर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी खुर्चीवर चढलो आणि ओरडलो, "राजमा कुणी खाऊ नका! कच्चा राहिलाय. ज्यांनी खाल्लाय त्यांनी हात वर करा."

बाबूराव तोवर भांड्यावर झाकण ठेवून त्यावर दोन्ही हात दाबून उभे होते.

सात हात वर आले. कुणी दोन घास, कुणी अर्धी प्लेट. फॅक्टरीच्या डॉक्टरांनी सातही जणांना एका खोलीत बसवलं. पुढचे दोन तास मी त्या खोलीच्या दारात काढले. कुणी नुसतं खोकलं तरी मी आत डोकावून बघायचो. शेवटी तिघांना उलट्या झाल्या, त्यात एक पाहुणा होता. बाकीच्यांना काही झालं नाही.

तिथून मी बाबूरावांना घेऊन साताऱ्याला गेलो. मास्तर बाकावर बसले होते. मला बघून उठले. मार बसणार असं वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "आमी सांगितलं नव्हतं का तुमाला, दाणा कच्चा लागतोय म्हणून?"

"सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही," मी म्हणालो.

फोनवर बोललेले डॉक्टर पूर्वी फौजेत होते. त्यांनी सांगितलं, "राजम्यात एक विष जन्मतःच असतं. भिजवलेलं पाणी फेकून तो चांगला खळाखळा उकळला की ते मरतं. मंद आचेवर मरत नाही, उलट जोर धरतं. आमच्या एका लंगरात, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात, असंच झालं होतं. आई ठीक आहे. बाळाचे ठोकेही नीट ऐकू येतायत."

बाबूराव भिंतीला टेकले आणि पंच्यात तोंड लपवून रडले.

मास्तरांच्या घरची सगळी माणसं दुसऱ्या दिवशी सांगलीला गेली. मालक माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. नंतर एके सकाळी त्यांनी स्वतःच मेक्सिकन मेनूकार्डं गोळा करून नेली. बाबूरावांनी पिठलं-भाकरी सुरू केली आणि गिऱ्हाईक वाढलं.

पुढं पंचवीस वर्षं मी हॉटेलांतच काढली. गिऱ्हाईक कच्चं आहे म्हणालं, की मी त्याला देशोदेशीच्या पद्धती सांगत बसलो नाही. आत जाऊन आधी एक दाणा चावून बघितला.