व्याह्यांचे दात

माझ्या भडगावच्या व्याह्यांइतका हट्टी माणूस जळगाव-धुळ्यात दुसरा निघणार नाही, आणि निघालाच तर त्याला कृपा करून माझ्यापुढे आणू नका. मी रावेरचा केळीचा व्यापारी, हमालीपासून वर आलेला, भाव पाडण्यात कुणाला ऐकणारा नाही. पण हे आबा बैलबाजारातले दलाल. बैलाचे दात बघून वय सांगायचे, चार पावलं चालवून खोट काढायचे. अशा माणसाचे स्वतःचे गुडघे गेले. बाजार सुटला, आणि ते ओट्यावर बसून रस्त्याने जाणाऱ्या बैलांना नावं ठेवू लागले.

लेकीच्या सांगण्यावरून मीच त्यांना जळगावला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "तोंड उघडा." आबा भडकले. "मी काय बैल शे का? मना दात कसाले पाहस?"

डॉक्टर शांत. साखर खाली आणा, तंबाखू सोडा, किडके दात काढा, टाचांच्या भेगा भरू द्या, मग गुडघा बदलू. नाहीतर नव्या सांध्यात पू होईल आणि बसवलेला सांधा परत काढावा लागेल. मी होकारार्थी मान हलवली. आबांनी मला कोपर मारलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "चारमाईन दोन ल्या, साहेब. साखर नि टाचा तुमन्या, तंबाखू नि दात मना."

"जंतू सौदा करत नाहीत, आबा."

आबा उठले. माझ्या कानात म्हणाले, "चला. तो मांगून हाक मारी." ही चाल माझीही आवडती, म्हणून मीही उठलो. दारापर्यंत पोचायला त्यांना इतका वेळ लागला की डॉक्टरांना दहा वेळा हाक मारता आली असती. हाक आली, पण पुढच्या पेशंटला.

तेव्हापासून आबा सगळ्या सोयऱ्यांत सांगत सुटले, "रावेरवाल्यांनी मान हलवली, सौदा बिघडला." मी! ज्याने आयुष्यात पहिल्या भावाला मान हलवली नाही! संतापाने मी भडगावला जाणंच सोडलं.

परवा लेकीसाठी गेलो. आबा ओट्यावर. पायांत मोजे, आत टाचांना तेल. कमरेला तंबाखूची पिशवी नाही. हसले तर किडके दात काढलेले, तोंडात मोजून चार उरलेले. लेक म्हणाली, साखरही उतरली आहे. मी चक्रावलो. "आबा, सगळं केलंत, मग डॉक्टरांकडे का जात नाही?"

"आपन व्हईसन कसं जावानं? आपन गयात म्हंजे भाव पडना." मग हळूच विचारलं, "बलायं का त्यास्नी माले?"

नऊ महिने हा माणूस त्या हाकेची वाट बघत होता. यावर रागवावं की काय करावं, मला समजेना. मी म्हणालो, "बोलावलंय. उद्याच या म्हणाले."

"मी म्हनेल व्हतं ना!" बोळकं उजळलं. "कितला उतरना तो?"

मी आयुष्यभर भाव केले, पण या प्रश्नाला आकडा सापडेना. "पुष्कळ," म्हणालो. आबा माझ्या खांद्यावर हात टाकून उठले. आम्ही अंगणात चार पावलं चाललो. त्यांच्या चालीतली खोट मला पावलापावलाला कळत होती. पण मी नावं ठेवली नाहीत.