मुका पक्षकार

वाशीमच्या कोर्टातले आमचे वकीलसाहेब पक्षकाराला तोंड उघडू देत नाहीत. "तुमी गप राहा, मी बोलून राह्यलो ना!" हे मी इतक्यांदा ऐकलंय की चहाच्या टपरीवर ते दिसले तरी मी आपोआप गप्प होतो.

अनसिंगजवळ माझ्या शेताशेजारचा नाला बुजवून कोणी प्लॉट पाडायला लागलं, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मला बाजूला सारून नाल्यालाच वादी केलं. न्यायाधीश हसले. हे म्हणाले, "साहेब, देवळातला देव वादी होतो, कंपनी होते, मंग नाला काहून नाही?" मनात म्हटलं, यांना अखेर हवा तसा मुका पक्षकार मिळाला.

कोर्टानं जागेची पाहणी करायला एक अधिकारी पाठवला. समोरचा वकील त्याला ठासून सांगत होता, इथं नाला कधी नव्हताच. वरच्या अंगाला पाऊस झाला असावा. बघता बघता गढूळ पाणी आलं आणि टाकलेला मुरूम ढकलत आमच्या पायांशी पोचलं. मी काही बोलणार, तोच आमच्या वकीलसाहेबांनी माझा दंड धरला.

"गप राहा," ते हळूच म्हणाले. "पक्षकार बोलून राह्यला."