मैमूनचे चार छर्रे

दर दोन वर्षांनी व्हिसाच्या मेडिकलला छातीचा एक्स-रे काढतात. त्यात माझ्या उजव्या खांद्याजवळ चार पांढरे ठिपके येतात. एक्स-रेवाला विचारतो, "चाचा, ये क्या है?" मी सांगायचो, "वेल्डिंग का दाना." दुबईत अल कुसैसच्या वर्कशॉपात मी जन्मभर वेल्डर होतो, माझे हात पाहिले की कुणाचाही विश्वास बसे. संध्याकाळी गावी फोन लागला की मैमून पहिलं हेच विचारी, "चारही आहेत ना जागेवर?" आहेत म्हटलं की मग पोराचं, आंब्याचं बोलायची.

ते छर्रे तिच्याच बंदुकीचे. मैमून माझी बायको. तिला जाऊन दहा महिने झाले. ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांना ती कशी होती हे सांगायचं तर मला बंदुकीपासूनच सुरुवात करावी लागते.

आमचं घर रत्नागिरीकडे, खाडीच्या काठी. अब्बांकडे बारा बोअरची बंदूक होती, शेतीच्या परवान्याची. वानरं आणि डुकरं बागेत काही ठेवत नसत. अब्बा वारले, मी इकडे, म्हणून परवाना मैमूनने स्वतःच्या नावावर करून घेतला. कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, "बाई, तुम्हाला बंदूक उचलेल का?" ती म्हणाली, "विहिरीवरचा हंडा हिच्याहून जड असतो. तुम्ही कधी उचललाय?" कारकुनाने शिक्का मारला.

पुढे एका वर्षी काजूच्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यात चोऱ्या सुरू झाल्या. चोर हुशार. शुक्रवारी दुपारी यायचे, जुम्म्याच्या नमाजाला सगळे पुरुष मशिदीत असत तेव्हा. दुबईवाल्यांची घरं हेरून ठेवलेली. मला इथे झोप लागेना. फोन करून सांगितलं, "एल.जी.ची काडतुसं आण. मोठा छर्रा. एकात काम खलास." चुलतभाऊ सलीमनेही तेच सांगितलं, रत्नागिरीच्या दुकानदारानेही तेच.

ती पाखरांची घेऊन आली. आठ नंबर. मोहरीएवढे छर्रे.

मी फोनवर खूप बोललो. तोंड माझं पहिल्यापासून वाईट. म्हटलं, "चोराला काय गुदगुल्या करणार आहेस?"

"अश्फाकचे अब्बा," ती म्हणाली, "आपल्या नि शेजारच्या चाचीच्या घराच्या मध्ये एक फळीची भिंत आहे. एल.जी. काय फळी बघून थांबणार? पलीकडे चाची भाकऱ्या भाजत असते."

"मग चाचीला बाजूला बसायला सांग."

"आणि मी फौजदारांना विचारून आलेय."

ही बाई ठाण्यात जाऊन विचारून आली होती, की चोर आला तर मी काय करू शकते. फौजदाराने तिला बसवून सांगितलं होतं. परवाना पिकासाठी आहे, माणसासाठी नाही. जिवावर आलं तर गोष्ट वेगळी, पण तेही कोर्टात पटवावं लागतं. पळत्या चोराला मागून मारलंत तर चोर मयत आणि तुम्ही आरोपी. "मला आवाज करायचाय, कुणाचा जनाजा काढायचा नाही," मैमून म्हणाली. "मी वर मारणार, झाडात. तरी हात चुकलाच तर आठ नंबरात माणूस वाचेल. तुमच्या एल.जी.त नाही वाचणार."

मी रागाने फोन ठेवला. भित्री म्हणालो. ठेवायच्या आधी म्हणालो, म्हणजे तिने ते ऐकलं.

त्यानंतर दीड महिन्यात मला अचानक सुट्टी मिळाली. आम्हा गल्फवाल्यांची एक खोड असते, न सांगता जायचं. बायको दार उघडते, तोंडावर हात ठेवते, ते बघायला मिळावं म्हणून दोन वर्षं काढलेली असतात. मीही कळवलं नाही. मुंबईहून एस.टी.ने निघालो, वाटेत गाडी बिघडली, गावात पोचायला शुक्रवारची दुपार झाली. रस्त्यावर माणूस नाही. पुढचं फाटक आतून बंद. बॅग फाटकाशी ठेवली आणि मागच्या बाजूला गेलो. उन्हासाठी रुमाल तोंडाला बांधलेला होता, तो सोडायचं सुचलं नाही. परसाच्या दगडी गडग्यावर चढलो.

आतून आवाज आला, "कोण?"

मी गंमत म्हणून गप्प राहिलो.

"कोण आहे? नाव सांग."

तरी गप्प. गडग्याआतल्या ठेंगण्या फणसाआडून मला पडवी दिसत नव्हती, तिला माझा चेहरा दिसत नव्हता. तिने फणसाच्या शेंड्यावर नळी धरली आणि बार काढला. नेमका त्याच वेळी मी आत उडी मारायला गडग्यावर उभा राहिलो. खांद्यावर कुणीतरी तापलेली मूठ मारल्यासारखं झालं आणि मी पालापाचोळ्यात पडलो. पडल्या पडल्या तिचंच नाव तोंडात आलं.

ती धावत आली. रुमाल सोडला. माझा चेहरा बघून ती रडली नाही. आधी सदरा फाडून बघितलं, रक्त किती जातंय ते. मग म्हणाली, "दोनदा विचारलं मी."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरने बरेच छर्रे काढले. खोल गेलेले चार राहू दिले. म्हणाला, काढायला गेलो तर जास्त फाटेल. बंदुकीची जखम म्हणून पोलिसांना कळवणं त्याला भाग होतं. तेवढ्यात सलीम आला. खाटेशी वाकून मला म्हणाला, "तू सांग, मीच बंदूक साफ करत होतो, उडाली. बायकोवर केस झाली तर ती आत जाईल. अश्फाक नऊ वर्षांचा आहे."

मला पटलं. मी तेच सांगायचं ठरवलं. तिला वाचवण्यापुढे मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मैमून पायाशी बसली होती. म्हणाली, "परवाना कुणाच्या नावावर आहे?"

"तुझ्या."

"मग तुम्ही बंदुकीला हात कसा लावलात, हे विचारणार नाहीत? तुम्ही आत, पासपोर्ट जप्त, नोकरी गेली. आणि खोटं सापडलं की मीही आत. सलीमभाई, तुम्ही घरी जाऊन चहा घ्या."

फौजदार आले तेव्हा तीच आधी बोलली. गडगा, रुमाल, दोन हाका, फणस, सगळं. "माझ्या हातून झालं. मी वर मारलं होतं. हे उभे राहिले." माझ्याकडे असं बघितलं की उभं राहणं हाच गुन्हा.

फौजदार आमच्या घरी गेले. फणसाच्या वरच्या फांद्या चाळणी झालेल्या बघितल्या. काडतुसांचा डबा मागितला. त्यात सगळी आठ नंबर. एल.जी. एकसुद्धा नाही. ते परत येऊन माझ्या खाटेपाशी उभे राहिले. "हिला कुणाला मारायचं असतं तर हा डबा असा नसता," ते म्हणाले. "आणि डबा एल.जी.चा असता तर मी आज तुमचा जबाब घेत नसतो, तुमचा पंचनामा करत असतो. तक्रार आहे तुमची?"

"आहे," मी म्हटलं. "मी तिला भित्री म्हणालो होतो. ते तेवढं खोडा."

त्यांनी ते काही लिहिलं नाही. पण केस झाली नाही. बंदूक ठाण्यात जमा झाली, ती मैमूनने परत मागितलीच नाही. मी बरा होऊन वेळेवर कामावर हजर झालो. त्यानंतर न सांगता कधी गेलो नाही. मुंबईत उतरलो की फोन करायचो, रत्नागिरीत करायचो, फाटकाशी पोचलो की ओरडायचो. शुक्रवार असला की ती आतून म्हणायची, "आज जुम्मा आहे. नमाज पढून या, मग जेवायला मिळेल. त्या दिवशी मशिदीत असतात तर अंगाला भोकं पडली असती?"

शेवटची सहा वर्षं ती इकडे आमच्यात होती, शारजाला अल नहदात, अश्फाकच्या फ्लॅटवर. चौदावा मजला. बेल वाजली की दाराच्या भिंगाला डोळा लावायची नाही. "कोण? नाव सांग," एवढंच. सामान आणणारे पोरगे सवयीने बेलच्या आधी नाव सांगू लागले. मला म्हणायची, "इथे ना चोर, ना बंदूक, आणि दाराला कडी बघा केवढी." तिला इथलं बरं वाटायचं. मी रोज समोर दिसतो म्हणायची. तेवढं मला पुरतं अजून.

गेल्या महिन्यात माझं मेडिकल झालं. एक्स-रेवाला केरळचा, वयाने अश्फाकएवढा. म्हणाला, "चाचा, ये क्या है?"

मी म्हटलं, "मेरी बीवी ने गोली मारी थी."

त्याने मशीन सोडून माझ्याकडे बघितलं. मी त्याला सगळं सांगितलं, माझ्या मोडक्या हिंदीत. बाहेर रांग वाढली. तो शेवटी म्हणाला, "अच्छी औरत थी." मी म्हटलं, "निशाना भी ठीक था. मैं ही खडा हो गया."

घरी अश्फाक चिडला. "अब्बा, वेल्डिंग म्हणायला काय झालं होतं? उगाच चौकशी लागली, व्हिसा अडकला तर?"

मी म्हटलं, "तुझी आई फौजदाराला खरं बोलली, तेव्हा माझा व्हिसा अडकला नाही. एक्स-रेवाल्याने काय अडकणार?"

आठ दिवसांत व्हिसा आला. संध्याकाळी, गावी फोन लावायचो त्या वेळेला बसलो आणि मैमूनला म्हटलं, आहेत. चारही आहेत जागेवर.