अंगठा न मागणारा फोन

माझ्या बटनाच्या फोनवर म्हशीनं पाय दिला. म्हशीची त्यात काही चूक नव्हती. धार काढायच्या आधी मी लेकीशी बोललो आणि फोन पेंडीच्या टोपल्याशेजारी ठेवून विसरलो. फोनचा चुरा झाला. म्हशीला काही लागलं नाही, हे आधी सांगतो, कारण गावात जो तो आधी तेच विचारत होता.

आमचं गाव चाकूर तालुक्यात. पोरगा लातूरला असतो, लेक नांदेडला दिली. मी मधी. दोन्हीकडची एसटी एकाच फाट्यावर मिळते, रस्त्याच्या कोणत्या कडेला उभं राहायचं तेवढं ठरवायचं. पण फोन घ्यायचं निघालं आणि तेवढं ठरवणंच अवघड होऊन बसलं.

बायकोच्या फोनवर आधी पोराचा फोन आला. "अण्णा, आता बटनाचा नको. मोठा घेऊ. मी वापरतो तोच घ्या, डोळे झाकून." तासाभरानं जावयाचा. "मामा, घाई करू नका. मेहुण्याला त्यातलं काय कळत न्हाई. मी सांगतो तो घ्या."

पोराच्या फोनला मागं तीन डोळे, जावयाच्या फोनला दोन. पोराचा दोन दिवस चार्जिंगला लावावा लागत नाही, जावयाचा उन्हात बी चक्क दिसतो. पोरगा सांगे आठ जीबी, जावई सांगे सहा जीबी पण पळायला चपळ. मी दोघांलाही "हाव, बरोबर हाय" म्हणत होतो. जीबी काय असतं हे मी विचारलं नाही. आपल्याला जे येत नाही ते विचारलं की समोरचा खुर्ची ओढून बसतो.

"सोयरीक जुळवायलाव की फोन घ्यायलाव?" बायको म्हणाली. "एकाला हो म्हणा अन् मोकळं व्हा."

"एकाला हो म्हणलं की दुसरा रुसतो."

"जावई रुसला तर धोंड्याच्या महिन्यात समजूत काढता येती. पोरगा रुसला तर संगं सून बी रुसती. हिशोब सोपा हाय."

हिशोब सोपा असेल, पण माझा प्रश्न वेगळा होता. तो मी कुणालाच सांगितला नव्हता, बायकोला ठाऊक होता तेवढाच. मला डोळे, जीबी, चार्जिंग कशाचंच पडलं नव्हतं. फोन अंगठा मागतो का, एवढंच मला बघायचं होतं.

हे नीट सांगतो. मी दुसरीपर्यंत शाळेत गेलो. पुढं मास्तरांशी पटलं नाही. त्यांचं म्हणणं पाढे पाठ पाहिजेत, माझं म्हणणं पाठ करून करायचं काय. मास्तर जिंकले, कारण छडी त्यांच्याकडं होती. मग रानात लागलो. अक्षरं होती ती बी विसरलो. कुठं कागदावर काही करायचं आलं की अंगठा पुढं करायचा, त्यात लाज वाटायची असते हे सुद्धा ठाऊक नव्हतं.

ते ठाऊक झालं एका कचेरीत. कोणत्या ते सोडा. तिथल्या कारकुनानं माझं मनगट धरलं, लहान लेकराचं धरावं तसं, अंगठा शाईत दाबला, कागदावर दाबला आणि मनगट सोडून दिलं. शाई पुसायला फडकं नव्हतं. शेजारची भिंत माणसांच्या अंगठ्यांनी काळी पडली होती. मी बी तिलाच पुसायला गेलो, तर तो ओरडला, "ह्या आंगठेबहाद्दरांनी भिंत खाऊन टाकली!" सगळी कचेरी हसली. मग मी शाई डोक्याच्या केसांना पुसली, आमची रीतच तशी आहे, आणि गावी येईपर्यंत टोपी काढली नाही.

लेक तेव्हा चौथीत होती. तिला म्हणलं, मला सही शिकव. तिनं पाटी दिली आणि फूटपट्टी स्वतःकडं ठेवली. मास्तरापेक्षा कडक. वेलांटी उलटी काढली की बोटावर पट्टी. दोन महिने मी मार खाल्ला, पण सही आली. सहीमागून बाकीची अक्षरं बी हळूहळू आली, नाहीतर हे लिहिलं कोणी असतं? त्या दिवशी मी लेकीला सांगितलं, आता हा अंगठा कुणाला द्यायचा नाही. आणि दिला नाही. रेशनच्या दुकानात मशीन आली, तिथं बायको जाते. लोकांला वाटतं मी आळशी आहे. वाटू द्या. आधारच्या वेळी काय केलं म्हणून कुणी विचारील, तर तिथं दहाही बोटं एकदम घेतात. दहांच्या घोळक्यात एकट्या अंगठ्याचा अपमान होत नाही, असं मी ठरवलं.

आता पोराचा फोन. तो रविवारी गावी आला आणि स्वतःचा फोन माझ्यापुढं धरून म्हणाला, "इथं कडंला अंगठा लावायचा, की उघडलाच." मी वरच्या आढ्याकडं बघत राहिलो. जावयाला मुद्दाम फोन करून विचारलं, तुमचा कसा उघडतो? "मामा, ह्याला काहीच लावायचं न्हाई. नुसतं तोंड दाखवायचं."

तोंड दाखवायला मला कधीच लाज वाटली नाही. ठरलं, जावयाचा घ्यायचा.

पोराला कारण काय सांगावं? मी म्हणलं, "मला तो निळा रंग आवडला."

"जन्मात पांढऱ्याबिगर काय घातलं न्हाई," बायको चुलीपासून बोलली, "आता निळं कुठून निघालं?"

तिला कारण ठाऊक होतं, तरी बोलली. असा माणूस घरात असल्यावर बाहेरचा दुश्मन लागत नाही.

घ्यायला लातूरला गेलो, गोलाईच्या बाजाराजवळच्या एका जुन्या दुकानात. आता दुकान चालवतो त्याचा बाप रेडिओ दुरुस्त करायचा. माझा रेडिओ त्यानं तीनदा जगवला होता. मुलानं तीच जागा, तोच काउंटर ठेवला, फक्त काचेखाली फोन मांडले. पोरगा संगं होताच. दोन्ही फोन काउंटरवर आले. पोराचा काळा, जावयाचा निळा.

"ह्यो निळा द्या, भाई," मी म्हणलं.

पोराचं तोंड उतरलं. "अण्णा, जावयाचंच ऐकायचं होतं तर मला सुट्टी कशाला टाकाय लावली?"

"रंगाचं हाय रे ते."

दुकानदारानं निळा फोन माझ्यापुढं धरला. "चाचा, इधर देखो. टोपी राहू द्या. मान जरा हलवा. हौ, झालं." फोननं माझं तोंड ध्यानात ठेवलं. मग बंद केला, पुन्हा माझ्यापुढं धरला, लगेच उघडला. मी मिशीला हात लावला. एवढ्या लवकर मला बँकेत बी कुणी ओळखत नाही.

पोरानं रागारागानं फोन हातात घेतला, आता ह्यात दोष काय काढावा म्हणून बघायला. आणि फोन उघडला.

"भाई, तुम्ही बंद केलाच न्हाई," मी म्हणलं.

"केला चाचा." दुकानदारानं पुन्हा बंद केला. पोरापुढं धरला. पुन्हा उघडला. दुकानदार हसायला लागला. "अल्ला कसम चाचा, बेटा एकदम तुमच्यावर गेलाय! ह्या किमतीच्या फोनात तोंडाचं कुलूप थोडं कच्चंच असतं. घरातलं माणूस असलं की कधी कधी फसतं."

सगळा जन्म मी ऐकत आलो की पोरगा आईवर गेला. नाक आईचं, रंग आईचा, अक्कल सुद्धा आईची. आणि नेमका त्या दुकानात तो माझ्यावर गेला.

म्हाताऱ्या माणसाकडं झाकायला काय असतं, असं कुणाला वाटेल. लई असतं. मला कुस्त्या बघायच्या होत्या. लावण्या बघायच्या होत्या, ते बी आवाज लहान करून. पोरगा नुसतं तोंड दाखवून आत येणार असेल, तर फोन माझा कसा?

पोरगा आता फुलला होता. "ऱ्हायला तुमचा निळा रंग. हा काळा घ्या. ठेवा अंगठा." आणि त्यानं माझं मनगट धरलं.

त्याला काय माहीत? पण मी हात असा हिसकला की काउंटरवरचं कॅल्क्युलेटर खाली पडलं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, चारही वळली.

"मी अंगठा लावत नसतो."

"अण्णा, ह्याला शाई न्हाई लागत!"

"नसू दे."

"मग काय, फोनवर सही करताव?"

गिऱ्हाइकं हसली. हसू दुसऱ्यांचं होतं, दुकान दुसरं होतं, तरी माझा हात आपोआप टोपीकडं गेला.

दुकानदार मधी पडला. "अंगूठा नक्को तो नक्को. चार आकडे टाकून बी उघडतो चाचा."

"चार आकडे!" पोरगा म्हणाला. "आकडे विसरून एटीएममधी कार्ड अडकवलंय ह्यांनी. मशीननं गिळलं."

खरं होतं, पण गिऱ्हाइकांपुढं सांगायची गरज नव्हती. मी पिशवी उचलली. म्हैस दिसली की तिचे पाय धरावेत आणि पुन्हा बटनाचा घ्यावा, असं मनात आलं.

"चाचा, बसा. चाय तरी घ्या. अब्बाच्या वक्ताचं गिऱ्हाईक असं जात न्हाई इथून."

चहाला नाही म्हणणं मला जमत नाही. बसलो. दुकानदारानं उजव्या हातात बशी घेतली, तेवढ्यात त्याचा फोन वाजून थांबला. कुणाचा होता बघायला त्यानं डाव्या हातानं फोन उचलला, त्याच्या पाठीवर अंगठ्याशेजारचं पहिलं बोट टेकवलं आणि फोन उघडला.

शाळा दुसरीतच सुटली, पण बघून शिकणं मला येतं. मी बशी खाली ठेवली.

"भाई, तुम्ही आता काय लावलं?"

"कुठं?"

"फोनला. अंगठा न्हाई लावला तुम्ही."

"बोट लावलं. कोणतं बी चलता चाचा. दस के दस चलते."

मी पोराकडं बघितलं. "हे तू मला सांगितलं न्हाईस."

"अण्णा, सगळं जग अंगठा लावतं!"

"सगळं जग लावतं म्हणून तर विचारायलो."

मग मी काळ्या फोनला पहिलं बोट दिलं. फोन गुरगुरला. पुन्हा दिलं, पुन्हा गुरगुरला. मधलं दिलं, तेही नको म्हणाला. दुकानदारानं माझा हात उजेडात धरला, पण विचारून धरला. "चाचा, रेषाच राहिल्या न्हाईत. बोटं घासून काच झाली. काय काम केलं एवढं?"

"नांगराचं रुमणं धरलं. दावी ओढली. तुरी कापल्या. अजून काय सांगू?"

पोरगा बी माझ्या बोटांकडं बघत होता, पहिल्यांदाच बघतोय असा. तिसरं बोट फोननं अर्धं घेतलं आणि सोडलं. चार गिऱ्हाइकं आता काउंटरला टेकून, कुस्ती बघावी तशी बघत होती.

"करंगळी बाकी हाय," त्यातलं एक म्हणालं.

करंगळी ठेवली. फोननं एका दमात घेतली. हिरवी खूण आली, वर काहीतरी गोड आवाज बी आला.

घेणारच. सत्तर वर्षांत त्या करंगळीनं काम कसलं केलं नाही. रुमणं धरताना ती बाजूला, दावं ओढताना बाजूला, खुरपताना तर अशी उभी, जणू मुकादम. तिच्या रेषा जशा आईच्या पोटातून आल्या तशाच कोऱ्या करकरीत. घरातला कामचुकार शेवटी कामाला येतो, हे मी पोरालाच ऐकवायला निघालो होतो, पण त्याचा चेहरा बघून सोडून दिलं.

"काळा बांधा," मी म्हणलं.

"अन् निळा रंग?" पोरगा हळूच म्हणाला.

"डोळ्याला टोचायला लागला."

संध्याकाळी गावी येऊन लेकीला फोन लावला, तोंड दिसतं तसला. करंगळीनं उघडला आणि ऐटीत धरला. ती मला बघून हसली, मग विचारलं, कोणता घेतला.

"तुझ्या भावाचा."

तिचं हसू गेलं. "अण्णा, तो तर अंगठ्याचा हाय."

ऐटीत धरलेला फोन मी जरा खाली घेतला.

"मीच ह्यांना म्हणलं होतं, तोंडानं उघडणारा बघून द्या म्हणून. का ते सांगितलं न्हाई. तुम्हाला तर कळायला पाहिजे होतं."

म्हणजे इतके दिवस जावयाच्या तोंडून लेकच बोलत होती, आणि मी इकडं जीबी मोजत होतो. चौथीतल्या पोरीनं ऐकलेलं एक वाक्य तिनं नांदेडपर्यंत नेऊन जपून ठेवलं होतं. मला ते कुठं ठेवावं कळेना.

"मग लावला का?" तिनं विचारलं. आवाज फूटपट्टीचाच.

"न्हाई लावला."

"खरं सांगा."

"अगं, न्हाई लावला. ही लावली, ही!" आणि तिला नीट दिसावी म्हणून मी करंगळी फोनच्या अगदी जवळ, ताठ उभी धरली.

नेमका त्याच वेळी जावई तिच्या मागून आला. त्यानं वाकून फोनमधी बघितलं, माझ्या करंगळीकडं बघितलं आणि लई अदबीनं म्हणाला, "मामा, जाऊन या निवांत. आम्ही थांबतो की."