दिनकरच्या सिनेमात माझा आवाज

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाला नाही. आणि मला ओळखणारा कोणीही तुम्हाला सांगेल, की या माणसाच्या पोटात चहासुद्धा फार वेळ टिकत नाही. मग हीच एक गोष्ट कशी राहिली? – सांगतो. जरा दमानं घ्या, मी सरळ सांगायला शिकलेलो नाही.

बुऱ्हाणपुरात मी सिनेमावाला म्हणून प्रसिद्ध. दोन तासांचा सिनेमा चौकात तीन तास सांगतो. पडद्यावर दहा गुंड असतील तर माझ्याकडे चाळीस होतात. हिरोईन मेली असेल आणि ऐकणाऱ्याचं तोंड फारच पडलं, तर मी तिला जिवंतही करतो. शिवाय थेटरात बसून मोठ्यानं शेरे मारायचे, ही माझी खास कला. लोक माझ्या शेऱ्याची वाट बघतात – खरंच बघतात. हे तेवढं फुगवून सांगत नाहीये. फुगवलेलं असतं तर बरं झालं असतं.

तर दिनकर. सिंधीपुऱ्यात त्याच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. लग्नाचं शूटिंग करायचा. मध्ये देडतलाईच्या बाजारात त्यानं दोन कॉमेड्या काढल्या, त्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाईलवर फिरल्या. मग म्हणाला, आता मोठा सिनेमा करतो. दोन वर्षं करत होता. कशावर आहे, ते काही सांगेना. मला! ज्याला विचारल्याशिवाय गावात कोणी तिकीट काढत नाही, त्या मला! राग आला होता का मला? – आला असावा. मी आपला चौकात सांगत सुटलो, की देडतलाईच्या कॉमेडीचा बाप येतोय, त्यात म्हैस पाण्याच्या टाकीवर चढते. म्हैस मीच चढवली होती. दिनकरच्या सिनेमात म्हैस नव्हतीच.

रविवारी सकाळचा शो त्यानं ठरवला. माझ्या म्हशीपायी थेटर भरलं. दिनकरचे वडील, बापू, नवी टोपी घालून माझ्या पुढच्याच रांगेत बसले होते. चाळीस वर्षं पॉवरलूमवर काढलेली; त्या खडखडाटात दोन्ही कान गेलेले.

आणि पडद्यावर कोण? बापूच. गाणं नाही, मारामारी नाही. बंद पडलेला लूमचा कारखाना. एक म्हातारा रोज सकाळी डबा घेऊन तिथं येतो आणि थंड मशीनसमोर स्टुलावर बसतो. मशीन चालत नाही, हात चालतात. तुटलेली तार, म्हणजे सुताचा धागा, शोधतात, गाठ मारतात. तार तिथं नसतेच. कॅमेरा हलत नाही. बस, एवढंच.

लोक आधी हसू येण्याची वाट बघत राहिले. मीही. पण मग – कसं सांगू? माझे वडील त्याच कारखान्यात होते. शेवटच्या वर्षी खाटेवर बसून चादरीच्या कडेला अशाच गाठी मारत राहायचे. मला ते बघवायचं नाही. मी उठून मॅटिनीला जायचो. रोज. आणि आता थेटरातच तेच हात समोर आले. उठून जाणार कुठं?

मी रडत होतो. हुंदका नव्हता, पण तोंड सगळं ओलं. तेवढ्यात शेजारच्यानं कोपर मारलं – काय भाऊ, आज गप्प? आता हा माझ्याकडे वळून बघणार. सिनेमावाला रडताना दिसणार. आणि मी ओरडलो –

"बापू, लाइट आली! चालू करा!"

थेटर फुटलं. आमच्या गावात लूमवाल्यांचा अर्धा जन्म लाइटची वाट बघण्यात जातो. कोणाला कळणार नाही तो शेरा? मग सगळ्यांना तोंड फुटलं. कोणी म्हणे तार तुटली, कोणी म्हणे मालक आला. शेवटपर्यंत चाललं. सिनेमात पुढं काय होतं, ते मला माहीत नाही. हसण्यात कोणालाच कळलं नाही.

दिनकर दाराशी उभा होता. त्यानं काही विचारायच्या आत मीच सुरू झालो. पानटपरीवरची पोरं होती रे, मागच्या रांगेत. एकाच्या कानाखाली काढली मी. दिनकर म्हणाला, जाऊ दे. घराची भिंत एक असलेला माणूस माझा आवाज ओळखत नसेल का? – हे मी स्वतःला तेव्हाही विचारलं नाही. पुढं चौकात त्या एका पोराची तीन पोरं झाली. एकाला तर मी गटारात पाडलं.

सिनेमा तो इंदूरला पाठवणार होता. पाठवला नाही. परत कुठं दाखवलाही नाही. आता आधार कार्डाचे फोटो काढतो.

आठवड्यानंतर बापू ओट्यावर एकटे बसलेले दिसले. ऐकू येत नाही म्हणून मी हातवारे करून त्यांनाही पोरांची गोष्ट सुरू केली. त्यांनी पूर्ण होऊ दिली. मग म्हणाले,

"तू रडत व्हता. मंग असं काबरं बोलला?"

लूमच्या आवाजात कोणाला काही ऐकू येत नाही. ही माणसं ओठांवरून बोलणं वाचतात, जन्मभर. आपलं काम पडद्यावर आलं तेव्हा बापूंनी मागं वळून बघितलं होतं. कशाला? – सिनेमातलं ज्याला कळतं, त्या माणसाचा चेहरा बघायला. पडद्याचा उजेड माझ्या तोंडावर होता.

मी म्हटलं, मी नव्हतो बापू.

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले, ओठ थांबेपर्यंत. मग थोडे सरकले आणि ओट्यावर मला बसायला जागा केली. मी बसलो नाही. काम आहे म्हणालो.

त्याच वर्षीच्या थंडीत बापू गेले. तापीवरून परत येताना कोणीतरी त्या सिनेमाचा विषय काढला. आणि मी – तिथंही – त्या पोरांना परत मारलं. या वेळी चार होती. दिनकर शेजारून चालत होता, डोकं मुंडलेलं, ओल्या धोतरात. त्यानं सगळं ऐकलं.

पोरं नव्हती. एकही नव्हतं. तो मी होतो.